चार भोंगे, एक तार

तान्ह्याला काखेत धरून कौशल्याने मीटरची टोकं भोंग्याच्या तारांना लावली. काटा सहाच्या जरा पुढे थांबला.

कापसातली सरकी काढायच्या नव्या जिनाच्या आवारात माणसं दाटली होती. डेप्युटी कमिशनरसाहेब उद्घाटनाला यायचे होते. तिचा नवरा शालिग्राम फाटकाबाहेर उभा. जिनाचे मालक महादेवराव यांच्या पोरीच्या लग्नात त्याचं भोंगे वाजवायचं मशीन जळालं, तेव्हा ते भर मांडवात म्हणाले होते, "दारू पिऊन आलता." चारही भोंगे एकाच तारेवर जोडायचा हुकूम आपलाच, हे नाही म्हणाले. तेव्हापासून शालिग्रामला कोणी बोलावत नव्हतं. आजचं मशीन महादेवरावांचं, नवंकोरं. जोडणारं दुसरं कोणी मिळेना, म्हणून त्याच्या बायकोला आत घेतलं.

"काय म्हन्ते तुहा काटा?"

"एक भोंगा सहा ओहम अडवते, मालक. आवाज वाहू लागला की जास्त अडवते, आठ धरा. मशीनलेबी आठच पाह्यजे." तिने चारही भोंग्यांच्या तारा एकत्र पिळून पुन्हा टोकं लावली. काटा दीडवर पडला. "अन् हे चार मिळून. एवढं कमी अडवलं तं मशीन जळते."

"कमी झालं तं मशीनले सोपंच नं!" मुनीम उकंडराव हसला.

"कासरा सोडला तं बैलालेबी सोपंच होते, मुनीमजी. गाडीचं काय होते ते सांगा."

माणसं हसली. महादेवराव खाली वाकले. "मंग दुसऱ्या तऱ्हेनं जोड," हळूच म्हणाले.

कौशल्या हळू बोलली नाही. "जोडते की. तुम्ही लग्नात जशी जोडायले लावली होती, तशी नको. असंच नं, मालक?"

हसणं थांबलं. सगळे महादेवरावांकडे पाहू लागले. फाटकाशी साहेबांच्या मोटारीचा हॉर्न वाजला.

"लग्नातल्या जोडणीत काही खोट नव्हती," महादेवराव मोठ्याने म्हणाले. "तशीच जोड."

"तशीच?"

"एकदा सांगितलं नं!"

तिने स्क्रू आवळले. साहेब खुर्चीत बसले, महादेवरावांनी माइक धरला. चारही भोंगे एकदम दणाणले. टाळ्या पडल्या.

कौशल्या मशीनजवळच बसून राहिली. त्यातल्या काचेच्या नळ्यांच्या आतला पत्रा हळूहळू लाल होऊ लागला. चुलीवरच्या दुधाकडे पाहावं तशी ती पाहत होती. फेस वर आला की बाई हात पुढे करते.

मशीन बंद करायचं बटण हाताशीच होतं. तिने बाळाचं टोपडं नीट केलं.