निःशेष

सहलीला निघताना शाळेच्या फाटकातच बाईंनी तोंडी गणित घातलं. "वर्गात मुलं एकतीस. दोघादोघांच्या जोड्या लावल्या, तर बाकी किती?"

"एक," सगळे एका सुरात म्हणाले.

एक मुलगी उरलीच. वर्गात नवीन, त्यात घुमी. तिचा हात धरायला कुणी तयार होईना. शेवटी बाईंनीच तिला आपलं बोट दिलं, तेव्हा ती कधी नव्हे ती हसली.

तळ्याकाठी डबे खाऊन झाले. पाण्याजवळ जायचं नाही, अशी तंबी दिलेली होतीच. उन्हं उतरली तशा बाईंनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. "चला, निघायचं. जोड्या लावा पटापट."

रांग मोजून मॉनिटर खुशीत म्हणाला, "बाई, या वेळी निःशेष भाग गेला. बाकी शून्य."