सात ठिपके

"पप्पा, दोनला बँकेचं पैसे पाठवायचं बंद होतं," अपेक्षानं तिसऱ्यांदा सांगितलं. ज्योतीराम फ्रिजसमोरून हलला नाही.

फ्रिजच्या दारावर चौकटींचा एक कागद चिकटवलेला होता. ज्योतीराम चाकणच्या एका कंपनीत लाइन इन्स्पेक्टर, आणि हा कागद तिथलाच, कंट्रोल चार्टचा. तिथं दर तासाला शाफ्ट मोजायचे आणि मापाचा ठिपका कागदावर द्यायचा. ठिपके थोडे खालीवर होणारच, त्यापायी मशीनला हात लावायचा नाही. पण सात ठिपके ओळीनं एकाच दिशेला गेले, की समजायचं, मशीनचं कापायचं टूल घासलंय. हे त्यानं नव्या पोरांच्या डोक्यात इतकं भरवलं होतं, की पोरं त्याला पाठीमागं 'सात नंबर' म्हणायची. घरच्या कागदावर मात्र शाफ्ट नव्हता, युरो होता.

लेकीला शिकायला जर्मनीला जायचं होतं. तिथं राहायच्या खर्चाची रक्कम आधीच युरोत भरावी लागते. गावाकडचा प्लॉट विकून पैसे खात्यात आले, त्याला महिना होऊन गेला. युरो जरा उतरू दे, मग पाठवू, असं म्हणत ज्योतीराम रोज एक ठिपका देत होता. मागं एकदा सात ठिपके ओळीनं खाली आले. गडी खूश! आता हा घसरतच जाणार म्हणून त्यानं हात आखडला, आणि दुसऱ्याच दिवसापासून युरो असा चढत गेला, की ठिपका कागदाच्या वरच्या काठाला टेकला. तेव्हापासून त्याला काही उमजेनासं झालं होतं.

आज गुरुवार, कंपनीला सुट्टी. आणि आजच पैसे निघाले नाहीत तर व्हिसाच्या तारखेला हातात पावती नसणार. ती तारीख हुकली की कॉलेजही गेलं. एवढं सगळं ठाऊक असून हा बाबा पेन हातात धरून उभा.

"सकाळी टीव्हीवाला म्हणाला, तेल महागलं म्हणून युरो चढला," तो म्हणाला. "आता म्हणतोय, तेल महागलं म्हणून उतरला. तेल एकच, मग युरो दोन्हीकडं कसा काय जायलाय?"

"जाऊ द्या की त्याला कुठं जायचं ते," त्याची बायको सुमन ओट्यापाशी भाकरी थापत म्हणाली. "तुमी असं किती वेळ बघायलाव?"

अपेक्षा आत गेली आणि तसलाच एक कागद घेऊन आली. ठिपके दिलेला, रेघ ओढलेला. "हा वाचा बरं, पप्पा."

ज्योतीरामनं चष्मा पुसला. कागद हातात आला तसा त्याचा आवाज बदलला, लाइनवर पोरांना शिकवताना असतो तसा. "हे बघ, हितं ओळीनं आठ खाली. टूल घासलं. हितं कुणीतरी मधीच हात घातला, सरकारनं असंल. आन हितून जो चढला, तो कुणाच्या बापाचं ऐकंना."

"म्हणजे कारण आहे त्याला?"

"कारणाबिगर ठिपका सरकत न्हाई. कवाचा हाय हा? मागच्या वर्षीचा?"

"कालचा. तुम्ही सेकंड शिफ्टला होता. मी नाणं उडवत होते, आई ठिपके देत होती. छापा आला की एक घर वर, काटा आला की एक घर खाली."

ज्योतीरामनं सुमनकडं पाहिलं. तिनं पिठाचा हात हलवून हो म्हटलं.

"आठ डाव काटा?"

"आला, त्याला मी काय करू?"

त्यानं हातातला कागद फ्रिजवरच्या कागदाशेजारी धरला. मग हात अदलाबदल करून बघितलं. कुठला युरो आणि कुठलं नाणं, ते नाव लिहिल्याशिवाय सांगता आलं नसतं. त्याला राग आला, पण रागवायचं कुणावर? टूल घासलेलं असतं तर बदलता आलं असतं. इथं मशीनच नव्हती.

"मग पाठवायचं कवा?"

"कधीही पाठवलं तरी आधी कळणार नाहीच, पप्पा. म्हणून आजच पाठवू."

आता थांबायला कारण उरलं नाही. पैसे गेले की पोरगी जाणार, एवढी एक गोष्ट त्यानं महिनाभर कुठल्याच कागदावर मांडली नव्हती.

"ते नाणं आण," तो म्हणाला.

"पप्पा..."

"आण म्हणतो ना. छापा आला तर पाठव."

अपेक्षानं दोन रुपयांचं नाणं आणून दिलं. त्यानं ते अंगठ्यानं उडवलं, पंख्याखाली ते चमकलं, आणि त्यानं ते उजव्या मुठीत झेललं. मूठ छातीपाशी धरून तो तसाच उभा राहिला. सुमनची भाकरी तव्यावर करपायला लागली.

टेबलावरचा त्याचा फोन वाजला. अपेक्षानं लॅपटॉपवर बँकेचं सगळं भरून बटण दाबलं होतं. आता फक्त ओटीपी बाकी होता. तिनं फोनला हात लावला नाही. बापाकडं बघत राहिली.

ज्योतीरामनं डाव्या हातानं फोन उचलला, लांब धरला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला, शाफ्टचं माप वाचावं तसा, न अडखळता. अपेक्षा टाइप करत गेली.

"गेले," ती म्हणाली.

"अव्हो, काय आलं ते तर बघा," सुमन म्हणाली.

"राहू दे."

तिनं ताट वाढलं. ज्योतीराम बसला आणि त्यानं ते डाव्या हातानं जवळ ओढलं. उजवी मूठ मिटलेलीच होती.