बर्फ नको

तीन दिवसांच्या त्या मुलीने सकाळपासून दूध ओढलं नव्हतं, रडणंही सोडलं होतं. रक्तात जंतू शिरले असावेत, अशी डॉक्टरांना शंका होती. पहिलं इंजेक्शन देण्याआधी मी तिच्या केसासारख्या शिरेतून थोडं रक्त काढलं, तपासणीच्या बाटलीत भरलं आणि बाटली तिच्या बापाच्या, गुरुदासच्या, हाती दिली. ओरोसच्या लॅबमध्ये ती दोन तासांच्या आत पोचायला हवी होती. तो धावतच गेला. मी खिडकीतून पाहिलं, तर भावाच्या मोटारसायकलला मासळीचा थर्माकोलचा खोका बांधलेला, आणि हा शहाणा बाटली बर्फात पुरतोय! चपला न घालताच मी खाली पळाले. "रे, ती काय सुरमय आसा? काढ आदी भायर! बर्फात जंतू मरतले!" बाटली बर्फातून उपसता उपसता तो म्हणाला, "मग मरांदेत ना मेले, सिस्टर!" माझा आवाज खाली आला. "बाटलीतले मरतले रे, तुझ्या चेडवाच्या, लेकीच्या रक्तातले न्हय. ते जिवंत पोचले, तरच खंयचा औषद लागू पडात ता कळात." त्याने बाटली शर्टाच्या टोकाला पुसली, वरचं बटण काढून ती आत छातीशी धरली. काचेपलीकडची लेक अजून कुणी त्याच्या हातात दिली नव्हती. भावाच्या मागे बसताना त्याचा दुसरा तळवा आपोआप बाटलीखाली गेला. गाडी सुरू होताच तो भावाच्या कानाशी पुटपुटला, "सावकास चलय रे. चेडू निजला आसा."