गोरखचं मशीन

चाँदभाईनं सायलेन्सरचे स्क्रू सोडवले आणि आतल्या भोकात बॅटरीचा उजेड मारला. पिस्टनच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते, नखांनी ओरबाडल्यासारखे. ऑइल न मिसळलेलं, कोरडं पेट्रोल जाळलेलं मशीन असंच दिसतं. त्यानं बॅटरी विझवली.

"काय दिसतंय, भाऊ?" समोर उकिडवी बसलेल्या अनितानं विचारलं.

"बघू दे जरा."

बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. कुरवंड्यात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाँदभाईची उमर झाडं कापायची जुनी मशीनं जोडण्यात गेली होती. भंगारात निघालेलं मशीन कुणी आणून टाकलं, की ते पुन्हा आवाज करेपर्यंत त्याला जेवण गोड लागायचं नाही. हे मात्र पुन्हा चालू व्हावं असं त्याला वाटत नव्हतं.

हे अनिताच्या नवऱ्याचं मशीन. वैशाखात लोणावळ्यातल्या एका बंगल्यात सिल्व्हर ओक पाडताना ते अर्ध्या कापात बंद पडलं. पातं खोडात अडकलं. ते ओढून काढायला गोरख बुंध्याशी झोंबत राहिला, तेवढ्यात वारं सुटलं आणि झाड त्याच्याच अंगावर आलं. तेव्हापासून मशीन पोलीस चौकीत पडून होतं, ते आता सुटलं होतं.

"चालू करून विकायचंय का?"

"न्हाई. बंद का पडलं तेवढंच सांगा मला."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"पेट्रोलमधी ऑइल मीच मिसळायची, रोज सकाळी. त्यांना घाई असायची. त्या दिवशी पोरगं तापानं फणफणलं होतं. मी ऑइल घातलं का न्हाई, आठवतच न्हाई भाऊ. लय आठवून बघितलं. क्यान हातात घेतल्यालं आठवतंय, झाकण लावल्यालं आठवतंय. मधलं कायबी न्हाई."

शेडच्या दाराशी, दगडावर, गोरखची आई लीलाबाई धुक्याकडं तोंड करून बसली होती. सुनेबरोबरच ती चालत आली होती, पण तिच्याशी बोलत नव्हती. बोलायची ती दुसऱ्यांशी, सून ऐकेल अशा बेतानं. माझ्या पोराला हिनं कोरडं पेट्रोल देऊन धाडला, हे तिचं वाक्य गावात आता पाठ झालं होतं.

चाँदभाईनं मशीन हळूच आपल्या बाजूला वळवलं. भोक त्याच्या पोटाकडं आलं.

"बेअरिंग फुटलंय," तो म्हणाला. "आतल्या गोळ्या निसटल्या की मशीन जागच्या जागी जाम होतं. कुणाच्या हातात नसतं ते."

"आन् ऑइल?"

"ऑइल हाय. बरोबर हाय."

"नक्की?"

"अजून ओशट हाय आत."

अनिताचे खांदे खाली आले, तोंड उघडं राहिलं आणि घशातून एक आवाज निघाला. मग ती दाराकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "आत्याबाई, ऐकलंत का? ऑइल होतं."

लीलाबाई गुडघ्यावर हात रेटत उठली आणि आत आली. मशीनवर वाकून तिनं पाहिलं. तिला त्यातलं काय कळणार होतं? तरी ती पाहत राहिली. पात्याच्या खाचेत लाकडाचा भुसा अजून चिकटलेला होता. तो तिनं बोटानं काढला आणि मुठीत धरला.

"चाँदभाई, गोरख्याला तू कडेवर खेळवलायस."

"व्हय मावशी."

"मग हिच्यावर दया करून खोटं बोलू नगस."

"खोटं कशाला बोलू?"

तेवढ्यात त्याची लेक नुसरत चहा घेऊन आली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सावकाश पाय टाकत चालणारी. लीलाबाईनं तिच्या पोटाकडं पाहिलं, मग चाँदभाईकडं.

"हिच्या डोक्यावर हात ठेव. आन् मग बोल."

"मावशी, आसं काय बोलताय?" नुसरत कावरीबावरी झाली.

"मी माझा लेक दिलाय. तुला नुसतं बोलायचंय."

अनितानं मान खाली घातली होती. चाँदभाईला तिच्या भांगाची रिकामी रेघ दिसत होती. घरी तापातून उठलेलं ते पोरगं होतं. ही बाई अजून किती वर्षं त्या क्यानपाशी उभी राहणार होती, कुणास ठाऊक. त्यानं हात पँटला पुसला. काळं काही निघालं नाही. तसाच तो हात त्यानं लेकीच्या ओढणीवर ठेवला. ओढणीखाली तिचं डोकं ऊन लागत होतं.

"बेअरिंग फुटलं होतं," तो म्हणाला. "ऑइल होतं."

हात काढला तेव्हा पांढऱ्या ओढणीवर त्याची बोटं उमटली होती. नुसरतनं चहा तिथंच ठेवला आणि मागं न बघता ती घरात गेली.

लीलाबाई मात्र हलली नाही. तिनं सुनेकडं पाहिलं. आज कितीतरी दिवसांनी ती तिच्याकडं सरळ पाहत होती. अनितानं उठून तिला धरायला हात पुढं केला. म्हातारीनं तो घेतला नाही, झिडकारलाही नाही. तिचे ओठ काहीतरी शोधत असल्यासारखे हलले. मग ती ऑइलच्या डागांनी काळ्या झालेल्या जमिनीवरच बसली.

"मग आता," ती म्हणाली, "मी कुणाला बोलू रं, चाँदभाई?"