थाळी वाजली तरी

भोंगा थांबेचना.

ओट्यावर सुकट निवडत बसलेल्या पुतळाचा हात सुपातच राहिला. कारखान्याचे भोंगे तिला पाठ होते. पाळी लागली की एक, जेवणाला एक, सुटली की एक. हा मधलाच होता, आणि रडणाऱ्या जनावरासारखा लांबतच चालला होता.

मग वास आला. नाकात दाभण खुपसावं तसा. डोळ्यांना धार लागली, घसा आवळला. आज वारा डोंगराकडून होता, कारखान्यांच्या अंगाने. रस्त्यावर कोणीतरी "अमोनिया, अमोनिया" असं ओरडत पळालं आणि पाठोपाठ चपलांचा आवाजही विरून गेला.

घरात दुसरं कोणी नव्हतं. नात मनस्वी ऑफिसला गेलेली. अंगणापलीकडे भाडेकरूंच्या खोल्यांची ओळ होती. पुरुष सगळे कामावर, पण बायका आणि पोरं आत होती. कोणी ओडिशाचं, कोणी बंगालचं, आणि अगदी टोकाला तेलंगणातली यादम्मा, तिच्या अंगावर पिणाऱ्या पोरीसकट.

पुतळाला एकच गोष्ट सुचली. ती आत गेली, फळीवरची पितळी थाळी काढली, उलथणं घेतलं आणि पदर नाकाशी धरून अंगणात उतरली.

करावे गावात, तिच्या माहेरी, उधाणाला खाडीचा बांध फुटला की बाप असाच थाळी बडवत निघायचा. थाळी वाजली की विचारायचं नाही, भांडंकुंडं बघायचं नाही. पोर उचलायचं आणि देवळाच्या उंचवट्यावर पळायचं. अंधारात, चिखलात अख्खं गाव त्या एका आवाजामागे गेलेलं तिने पाहिलं होतं. बापाने एकही माणूस खाडीला दिला नव्हता.

"भायेर या गो! देवलाकरं चला!"

ठण ठण ठण. पहिलं दार बंद. दुसरंही. आत ट्यूबलाइट जळत होती, पण पावलाचा आवाज नाही. तिने उलथण्याने दारच बडवलं. कोणी ओ देईना. एरवी ही ओळ म्हणजे कावळ्यांची शाळा. दुपारी तिची टीव्हीवरची मालिका लागली की तिला रोज ओट्यावरून खेकसावं लागायचं, "यादम्मा, गप बस!" यादम्माची पोरगी तर दिवसभर टाहो फोडायची.

आता तीही रडत नव्हती.

मेली का काय सगळी? उंबऱ्याच्या आतच?

मनस्वीचं बोलणं तिला आठवलं. गेल्या महिन्यात पोरगी दारोदार फिरून फोन नंबर घेत होती. कारखान्यात काही झालं तर ज्याला त्याला त्याच्या भाषेत फोन येणार, काय करायचं ते बोलून सांगणार. "आजी, तुझा पण नंबर देते ना. टेन्शन नको, फुकट आहे."

"मना कशाला? भायेरून आलेल्यांना पायजे त्या. मी हितलीच. मना वारा कलतो."

मनस्वी हसली होती आणि पुढच्या दाराकडे वळली होती.

वारा कळत होता. पण त्याचं करायचं काय, ते कळत नव्हतं. खोकल्याची उबळ आली आणि ती भिंतीला टेकली. थाळीचा आवाज मंदावला. तरी ती टोकाच्या दारापर्यंत सरकली. इथल्या यादम्माला तिनेच हाताशी धरलं होतं. बाजारातून मासळीची पाटी आणली की यादम्मा पुढे व्हायची. उन्हाने मासळी नरम पडायची, मग पुतळा ओरडायची, "फडका भिजव, फडका!" आणि पोर खिदळत ओलं फडकं पाटीवर पसरायची. दोन वर्षांत तिला मराठी आली नाही ती नाहीच. "हितं राहाचा तं बोलाला शिक गो, मुकी," असं पुतळा तिला टोचायची.

दाराखालच्या फटीतून पाणी झिरपत होतं. पुतळाने शेवटचं बळ एकवटून उलथणं मारलं.

दार वीतभर उघडलं. आतून एक हात आला, त्याने तिचं मनगट धरलं आणि पाटी ओढावी तशी तिला आत ओढली. दार बंद झालं. फटीवर ओली चादर पुन्हा दाबली गेली.

यादम्माच्या तोंडाला भिजलेला पदर बांधलेला होता. कोपऱ्यात, ओल्या फडक्याच्या तंबूत, तिची पोरगी त्याचंच टोक चोखत होती. जिवंत होती.

"थाली आयकू नाय आली तुला?" पुतळा खोकत ओरडली. "चल भायेर! देवलाकरं चल!" आणि तिने कडीला हात घातला.

यादम्मा दाराला पाठ लावून उभी राहिली. हलेना. फळीवर मोबाइल बोलत होता. एक बाई शांत आवाजात, सावकाश, तेलुगूत तेच तेच सांगत होती.

"काय बोलते ती? सांग ना गो, काय बोलते?"

यादम्माने तोंड उघडलं आणि मिटलं. शब्द शोधताना तिचे डोळे भरून आले. तिला मराठी येत होती ती एवढीच, अंगणापलीकडून दोन वर्षं तिच्यावर ओरडली गेलेली. मांजर सुकटीत शिरतं म्हणून, मासळी नरम पडते म्हणून, मालिका ऐकू येत नाही म्हणून.

तिने एक ओलं फडकं पुतळाच्या नाकावर दाबलं, तिला पोरीशेजारी खाली बसवलं आणि थेट पुतळाच्याच आवाजात म्हणाली,

"दार लाव. फडका भिजव. गप बस."