घर बघायला माणूस येणार

फ्रिज गोजराबाईंच्या दारात अडकला.

"आडवा करा," स्नेहा म्हणाली. "येईल तो माणूस एवढ्यात."

"आडवा केला तर गॅस जातो म्हणतात," संघर्ष घाम पुसत म्हणाला.

"फ्लॅट गेल्यावर काय करायचंय गॅसचं?"

नवऱ्यानं खालून खांदा लावला. फ्रिज आडवा झाला आणि शेजारी गेला. त्याच्या मागोमाग मोठी शेगडी गेली, मिक्सर गेला, खुर्च्या गेल्या आणि शेवटी गोण्यांत भरलेले जेवणाचे डबे गेले. सातपूरच्या कारखान्यांतली माणसं दुपारी ज्या डब्यांची वाट बघायची, ते आज गोजराबाईंच्या कॉटखाली जाऊन बसले. गिऱ्हाइकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, उद्या सुट्टी.

एवढा उपद्व्याप एका फोनमुळे. बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली होती, "उद्या सकाळी एक साहेब घर बघायला येतील. घरीच थांबा." आणि फोन ठेवून मोकळी झाली होती. या बिल्डरनं आडगावच्या पुढं सरकारी योजनेत इमारत बांधायला घेतली होती, कमी कमाईच्या लोकांसाठी. "तुम्ही फक्त सह्या करा, बाकी सगळं आम्ही बघतो," असं त्याच्या माणसानं सांगितलं होतं. दोघांनी दाखवली तिथं सही केली. कुठला कागद कशाचा, हे विचारायचं धाडस झालं नव्हतं.

लग्न झाल्यापासून भाड्याच्या कितीतरी खोल्या बदलून झाल्या होत्या. फोडणीचा वास भिंतीत मुरतो, हे प्रत्येक घरमालकाचं एकच गाऱ्हाणं. आताचा मालकही कुरकुरायला लागला होता. हा फ्लॅट हातचा गेला तर पुन्हा दारोदार फिरणं आलं, या विचारानं स्नेहाला रात्री डोळा लागला नव्हता.

सामान हलवायचा सल्ला गोजराबाईंचा. "माझ्या भाचीचं नाव घरांच्या यादीतून असंच कापलं," त्या म्हणाल्या होत्या. "माणूस आला, फ्रिज बघितला, पाणी पिला न् गेला. गरिबाच्या घरात फ्रिज कसा म्हणे. लय बारीक नजर असती त्यांची. काय सुदिक ठेवू नको." गल्लीत गोजराबाईंचा शब्द सहसा कोणी खाली पडू देत नाही.

सासूबाईंना, म्हणजे विमलाबाईंना, जुनं विटकं लुगडं नेसायला लावलं होतं. त्यांना ते मुळीच पटलं नव्हतं. जन्मभर चारचौघांत नीटनेटकं राहायला धडपडलेली बाई, आता उतारवयात गरीब दिसायचं सोंग करावं लागल्यामुळे खट्टू होऊन कोपऱ्यात बसली होती.

साहेब आले. तरुण होते, खांद्याला बॅग. बूट बाहेर काढून, "बिल्डरच्या ऑफिसातून पत्ता मिळाला," म्हणत सतरंजीवर बसले. खोली इतकी रिकामी झाली होती की त्यांचा आवाज घुमला.

"घरात कमावतं कोण?"

"हेच," स्नेहा म्हणाली. "मिळेल ते काम करतात. कधी असतं, कधी नसतं."

संघर्षनं मान खाली घातली. पावसापाण्यात स्कूटरवर डबे पोचवणारा माणूस तो. त्याला ते लागलं.

"आणि ताई, तुम्ही? घरातून काही करता का? शिलाई, पापड, खानावळ?"

खानावळ म्हणताना त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. स्नेहानं ओळखलं, कोणीतरी चुगली केली असणार.

"नाही हो. घरचंच आवरता आवरत नाही."

"मसाल्याचा वास मात्र छान येतोय."

"शेजारचा."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तिनं कापला. तो पुन्हा वाजला.

"घ्या ना," साहेब म्हणाले.

"काही नाही, लोन पाहिजे का विचारणाऱ्यांचे असतात. नुसता डोक्याला ताप."

साहेब उठले. त्यांनी संडास-बाथरूम बघितलं, ओटा बघितला, वर उघड्या पडलेल्या फळ्या बघितल्या. मग दारात कारखान्याचा गणवेश घातलेला एक माणूस येऊन उभा राहिला.

"वहिनी, आज डबा नाही का? मला कोणी बोललंच नाही."

स्नेहा गडबडीनं उठायला गेली. पण त्याआधी विमलाबाई उठल्या.

"कसला डबा? खोली चुकलास बाबा."

"आजी, मी रोज..."

"चुकलास म्हटलं ना," म्हणत त्यांनी दार लोटून घेतलं.

साहेब बंद दाराकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, काही असेल तर मोकळेपणानं सांगा. लपवायचं कारण नाही."

असंच गोड बोलून काढून घेतात, स्नेहाला वाटलं. आत्ता डगमगलं की संपलं. तिनं डोळे मिटून घेतले.

"लेकीची शपथ घेऊन सांगते, रोजचं कसंबसं भागतं. हातात काही उरत नाही."

बोलून गेली आणि तिच्या काळजात चर्र झालं. पोरगी शाळेत गेली होती, तिनं हे ऐकलं नाही, एवढंच काय ते समाधान.

साहेबांनी मान हलवली. त्यांचा चेहरा उतरला होता. दया आली असावी बिचाऱ्यांना. रिकाम्या ओट्याचा फोटो काढून ते मोबाइलवर काहीतरी लिहीत बसले.

"झालं. पाठवला रिपोर्ट," ते शेवटी म्हणाले आणि उठले.

संघर्षनं सुटकेचा श्वास सोडला. विमलाबाईंनी न सांगता कोपऱ्यातल्या स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं. स्नेहा साहेबांना सोडायला बाहेर आली. ते बूट घालत होते. आता एवढं निभावलंच आहे तर विचारून घ्यावं, असं तिला वाटलं.

"साहेब, मग आमचं नाव राहील ना यादीत?"

बुटाची नाडी बांधता बांधता त्यांचा हात थांबला.

"यादीत? ते तर गेल्याच महिन्यात पक्कं झालं, ताई. तुम्हाला ऑफिसातून कळवलं नाही? मी कर्जाच्या कंपनीचा. हप्ता भरण्याइतकी कमाई घरात आहे का, तेवढंच बघायचं होतं."