खंडेनवमीचं रिव्हॉल्व्हर

"पूजेचं असलं तरी शस्त्र आहे, पोराच्या हाती देऊ नकोस," सासरे बजावायचे. मी हसण्यावारी न्यायचे आणि दर खंडेनवमीला निनादच्या हातात ते जुनं रिव्हॉल्व्हर देऊन फोटो काढायचे.

यंदा ते विकायचं ठरलं. किंमत सांगायला आलेल्या घोरपडेकाकांनी परवाना तपासला, मग हात न लावताच नळीवरच्या शिक्क्यावर भिंग धरलं. "विलायती आहे. मूठसुद्धा मूळचीच. शौकीन माणूस चार लाख सहज देईल."

"पाच म्हणा की काका," मी म्हटलं. निनादची शाळा, स्वतःची जागा, माझ्या डोळ्यांपुढे सगळं नाचायला लागलं होतं.

"आधी आतून बघू तर द्या," म्हणत त्यांनी हसतच गोळ्यांची चक्री उघडली. वाळलेल्या हळदकुंकवाबरोबर एक गोळी त्यांच्या तळहातावर पडली.

"जिवंत आहे ही."

सासऱ्यांना नवल वाटलं नाही. "मग? रिकाम्या शस्त्राची कुणी पूजा करतं का?"

मी निनादला हाका मारत अंगणात धावले. तुमचंही मूल आत्ता कुठं आहे, हातात काय घेऊन खेळतंय, एवढं आधी बघून या.